पिठ्याला पाय नव्हते

पॅकर बुटका होता, आणि याबद्दल त्याची कुणाकडे तक्रार नव्हती. काचसामान पाठवणाऱ्या गोदामात तर त्याच्या उंचीला मान होता. मोठ्या लाकडी खोक्यात उतरून तळाशी भुसा पसरायचा झाला की बाकीचे वाकून वाकून कंबर धरत, हा सरळ आत उडी मारी. बाहेर कसं यायचं हा वेगळा प्रश्न. एकदा झाकण ठोकलं तेव्हा पॅकर आतच होता, अशी एक गोष्ट गोदामात रंगवून सांगत; पण तिच्यात काही तथ्य नव्हतं. झाकण अर्धंच ठोकलं होतं.

त्याची बायको बस चालवायची. ती उंच होती, तिची आई तिच्याहून उंच होती. लग्नाच्या फोटोच्या वेळी फोटोग्राफरने पॅकरला आधी एका पायरीवर उभं केलं, मग आणखी एका पायरीवर, आणि शेवटी बायकोला खुर्चीत बसवून विषय संपवला. संसारात मात्र उंचीचा प्रश्न कधी आला नाही. वरच्या फळीवरचे डबे ती काढायची, पलंगाखाली गेलेल्या वस्तू तो. घर चालायला एवढं पुरतं.

मग मुलगी झाली. ती आईवर गेली, आणि आईवरून पुढे आजीवर गेली. गुटगुटीत, लांब हातापायांची, पाळण्यात ठेवली की पाळणाच बिचारा अवघडल्यासारखा दिसे. सगळे तिला ढमी म्हणत. पॅकरही म्हणे, पण जरा जपून, कारण बापलेकीत मोठं कोण दिसतं याबद्दल लोकांना आत्ताच शंका येऊ लागली होती.

बायकोची रजा संपत आली. सोमवारपासून तिची बस पुन्हा सुरू होणार होती. ढमीला दिवसभर कुणी बघायचं, यावर जेवणाच्या टेबलाशी चर्चा चालली होती. तेव्हा पॅकर म्हणाला, "मी बघतो. गोदामातून लांब रजा मिळतेय मला."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. सासूबाई शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"मी."

"जावईबापू, तुमच्या घराला लिफ्ट नाही. जिना असा उभा की मला हुरूप नसेल त्या दिवशी मी खालूनच हाक मारून परत जाते. ढमीला हातात घेतलीत तर तुम्हाला पुढची पायरी दिसते का? खरं सांगा."

पॅकरने खरं सांगितलं नाही. ढमीला छातीशी धरलं की तिचं डोकं बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येई, आणि पुढचा जिना तो आठवणीवर उतरत असे.

"मी सांगते ते ऐका," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार ते शुक्रवार ती माझ्याकडे राहील. माझं घर तळमजल्यावर. शनिवार-रविवार तुम्ही न्या. यात कुणाचा कमीपणा नाही."

'कमीपणा' म्हणताना त्यांनी नकळत त्याच्या डोक्याच्या पातळीकडे पाहिलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नजरेला त्या बाजूला उतारच होता.

आजवर त्याने एकाहून एक सुंदर वस्तू गुंडाळल्या होत्या, खोक्यात निजवल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या घरी धाडल्या होत्या. कधी जीव तुटला नाही. पण ही एक धाडायची नव्हती.

"झोळी आणू," बायको म्हणाली. "बांधून घ्यायची. हात मोकळे, समोरचं दिसतं. माझ्या डेपोतल्या एकीने आणलीय."

"किती उंच आहे ती?"

"कोण, झोळी?"

"डेपोतली."

बायको ताटं उचलू लागली.

दुकानात गेले तेव्हा दुकानातली बाई बायकोकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्हाला लांबातली लागेल."

"मला नाही. ह्याला हवीय."

बाईने 'ह्याला' शोधायला इकडे तिकडे पाहिलं. पॅकर समोरच उभा होता. फक्त मध्ये काउंटर होता. मग ती बाहेर आली, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि "होईल काहीतरी" असं म्हणाली. डॉक्टर ज्या सुरात म्हणतात त्या सुरात.

आधी पट्ट्यांची आणि खटक्यांची पिशवी काढली. कमरेचा पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी त्यात पॅकर आणि आणखी एक पॅकर मावला असता. खांद्यांचे पट्टे खांदे सोडून कानांच्या बाजूला उभे राहिले. मागून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी सुटकेस ठेवून गेलंय. पुढून ढमी.

"समोरचं दिसतंय का?" बायकोने विचारलं.

"टोपी दिसतेय."

"टोपीच्या पलीकडे?"

"टोपीच आहे."

मग ताणलं जाणारं मऊ कापड आलं. ते मात्र अंगाला छान बसलं. ढमीही खूश झाली. पॅकर तोऱ्यात दुकानातून एक चक्कर मारायला निघाला. पाळण्यांच्या विभागात ती त्याच्या छातीशी होती. खेळण्यांच्या विभागात पोटाशी आली. गल्ल्यापाशी पोहोचेतो ती त्याच्या गुडघ्यांशी बसून बाहेर बघत होती.

"तळमजला," बायको म्हणाली.

तिसरं विणीचं लांबलचक कापड. ते पाठीवरून पुढे, पुढून मागे, खांद्यावरून खाली असं फिरवत दुकानातली बाई त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. कापड संपेना. पॅकर मात्र संपत आला. शेवटी गाठ बसली, ढमी घट्ट बसली, पण उरलेली टोकं जमिनीवर लोळत राहिली. तेवढ्यात एका गिऱ्हाईक बाईंनी मागून त्याच्या पाठीवरचं कापड चिमटीत धरून विचारलं, "या पुतळ्यावरच्यात दुसरा रंग आहे का?"

"पुतळा नाही तो," बायको म्हणाली. "तो माझा आहे."

"मला विचाराल तर," दुकानातली बाई घाम पुसत म्हणाली, "लहान चणीच्या माणसाला ही." तिने दोन कड्या लावलेली एक आखूड झोळी पुढे केली. "एका खांद्यावरून घ्यायची. कापड थोडं, पसारा नाही. टोक कड्यांतून ओढलं की ज्याच्या त्याच्या मापाची होते."

पॅकरने हात मागे घेतला. "एका खांद्यावर? सगळा भार एका बाजूला?"

"पाठीवर पसरतो दादा, कापड नीट उलगडलं की."

"आमच्याकडे एका बाजूला भार टाकला की दुसऱ्या दिवशी माणसाच्या हातात झाडू देतात."

"पण हे सामान नाहीये."

"सामान नाही म्हणूनच म्हणतोय!"

यावर तिने वाद घातला नाही. झोळी कुठलीही घ्या, पण इतकं पाळा, म्हणून तिने बजावलं: मान खाली करताच टाळूची पापी घेता आली पाहिजे, नाक मोकळं दिसलं पाहिजे, आणि बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले, गुडघे वर, कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. पहिल्या दोन गोष्टी पॅकरने मनावर कोरून घेतल्या. तिसरीला नुसती मान डोलावली. त्याच्या सामानाला पाय कधी नसतच. काचेचे घोडे असत क्वचित, आणि त्यांचेही पोहोचेपर्यंत राहतील असं नसे.

काहीच न घेता ते परत आले. पण सासूबाईंच्या कानावर गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या विटकरी रंगाचं विणीचं लांब कापड घेऊन हजर.

"सगळ्यात लांब मागून घेतलं," त्या म्हणाल्या. "उगाच मागाहून कमी पडलं असं नको."

सासूबाई सगळंच वाढत्या अंगाचं घेत. जावईही अजून वाढेल अशी आशा त्यांनी सोडली नसावी. त्या त्याच्या विरुद्ध नव्हत्या, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. हरणाऱ्या मुलालासुद्धा चांगले बूट द्यावेत या मताच्या होत्या.

गोदामात एक रीत होती. बांधायची नवी पद्धत आली की ती आधी विटेवर करून बघायची, मग काचेवर. पॅकरने पिठाची एक पिशवी आणली, वजनकाट्यावर ढमीइतकी करून घेतली, तोंड शिवलं, आणि तिला ढमीची जुनी टोपी घातली. बायकोने कोळशाच्या पेन्सिलीने डोळे काढून दिले. एक डोळा जरा वर गेला, त्यामुळे पिशवीला कायम काहीतरी शंका आल्यासारखं दिसे. तिचं नाव पिठ्या पडलं.

पॅकर सकाळ-संध्याकाळ पिठ्याला बांधू लागला. बांधून झालं की कान लावून स्वतःलाच गदागदा हलवी. खोका असाच तपासतात: आतून आवाज आला तर सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून बांधा. पिठ्याकडून हूं की चूं होत नसे. पॅकरची मान ताठ झाली. पिठ्याला घेऊन तो भांडी घासू लागला, कपडे वाळत घालू लागला. पलंगावरून ढमी पायाचा अंगठा चोखत हे सगळं बघत असे. तिची नजर फारशी समाधानी नसायची, पण तिला कुणी विचारत नव्हतं.

अडचण एकच, लोळणाऱ्या टोकांची. आणि एका दुपारी जिना उतरताना पॅकरचा पाय नेमका त्यातल्याच एकावर पडला. त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला, म्हणून तो वाचला. गाठ सुटली. पिठ्या टपटप पायऱ्या उतरला आणि खालच्या मजल्यावर फुटला.

खालच्या मजल्यावर शिवणकाकू राहत. त्यांच्या शिलाईयंत्राचा आवाज बंद झाला, दार उघडलं. काकूंनी पाहिलं: हवेत पांढरे लोट, दाराशी ढमीची टोपी, आणि वर कठड्याला लटकलेला बाप. तो बाप हळहळत म्हणत होता, "टोपी तेवढी वाचली."

काकूंनी आधी किंकाळी फोडली, मग दार लावलं, मग सासूबाईंना फोन केला, आणि मग चक्कर येऊन पडल्या. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सासूबाई टॅक्सीने आल्या आणि एका दमात तो जिना चढल्या. पुढे कित्येक दिवस ही गोष्ट त्यांनाच पटत नव्हती. ढमी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चमचा चावत होती. सासूबाईंनी तिला उचललं, हात मोजल्यासारखे केले, पाय मोजल्यासारखे केले, आणि मग खुर्चीत बसल्या. शिट्टी मुठीत घट्ट धरली होती.

"आज पीठ होतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"आई, पिठावरच सराव करतोय तो. ढमीला अजून बांधलीच नाहीये," बायको म्हणाली.

"कळलं मला. म्हणूनच ओरडत नाहीये." त्या पॅकरकडे वळल्या. "रविवारी सकाळी मी येते. ढमीला बांधून जिना उतरायचा, बाजारात जायचं, पिशवीभर भाजी घ्यायची, औषधाच्या दुकानात जायचं, परत वर यायचं. मी मागे चालणार. ती रडता कामा नये आणि तुम्ही धडपडता कामा नये. जमलं तर ठेवा तिला. माझा शब्द. नाही जमलं, तर तिचं सामान बांधायचं." जाता जाता त्या म्हणाल्या, "बांधायचं काम तुम्हाला येतंच."

पॅकरने घडल्या प्रकाराचा नीट विचार केला. चूक त्याच्या गाठीची नव्हती, त्याच्या पायांचीही नव्हती. चूक होती जास्तीच्या कापडाची. त्याच्या धंद्यात कमी कागद लावणं गुन्हा होता, आणि जास्त लावणं लाज. त्याने दुसरा पिठ्या केला, तोही काट्यावर तोलून, तीच टोपी आणि तसाच वर गेलेला डोळा देऊन. त्याला बांधला, गाठ घट्ट केली, दोन्ही टोकांवर खडूची खूण केली, आणि गोदामातून आणलेल्या मोठ्या कात्रीने खर्रकन कापलं. उरलेले दोन तुकडे घडी करून कपाटात ठेवून दिले. पुन्हा बांधून पाहिलं. टोकं अशी की बोटभरसुद्धा जास्त नाही. त्याने आरशात पाहिलं आणि त्याला स्वतःचा हेवा वाटला.

शनिवारी दुपारी बायको म्हणाली, "आता पीठ पुरे. पोरीला घे."

ढमीला घेतलं. पाठीवरून कापड पुढे आलं. ढमीचा एक पाय डावीकडे गेला, एक उजवीकडे. कापड एका गुडघ्याखालून निघालं, दुसऱ्या गुडघ्याखालून वळलं, मागे गेलं. मागे बायको उभी होती.

"ओढ," पॅकर म्हणाला.

"ओढतेय."

"बांध मग."

"काय बांधू? दोन टोकांच्या मध्ये वीतभर तू आहेस."

"असं कसं होईल? माप घेतलंय मी. वजन अगदी तेच आहे."

"वजन तेच आहे रे," बायको म्हणाली. "पण पिठ्याला पाय कुठे होते?"

ढमीने दोन्ही पाय जोरात झाडले, कुणाच्या मनात काही संशय उरला असेल तर तोही जावा म्हणून.

"समजा," पॅकर हळूच म्हणाला, "पाय आत दुमडून..."

"मनातसुद्धा आणू नकोस."

मग बायको पलंगावर बसली आणि हसायला लागली. आवाज न करता, नुसती हलत. पलंग हलू लागला, त्यावरचा दुसरा पिठ्याही हलू लागला. पॅकर विटकरी कापडात मुलगी धरून मध्ये उभा. हसता हसता ती थांबली, डोळे पुसले, आणि मग ते पुसणं लांबलं.

"आई उद्या येईल," ती म्हणाली. "बस चालवताना माझ्या डोक्यात असायला हवं ना, की ती घरी आहे आणि तू आहेस. मला तिला तिकडे नाही रे पाठवायचं."

पॅकरने ढमी तिच्या मांडीवर दिली, कापड काखोटीला मारलं आणि जिना उतरला. ओझं नसलं की तो जिना फार चपळ उतरे.

दुकानातली बाई शटर ओढत होती. तिने कापड पाहिलं.

"कापलंत?"

"कापलं."

"माप कशाचं?"

"पिठाचं."

तिने पुढे विचारलं नाही. या धंद्यात राहून तिची उत्सुकता आटली होती. कापड हाताभर हाताभर मोजत ती शेवटाला आली आणि म्हणाली, "पाठीमागे गाठ बसायला कमी आहे. पण कड्या लावल्या तर एका खांद्यावरून तुम्हाला बरोबर होतंय. तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला नाही." तिने सांधा नसलेल्या दोन जाड कड्या काढल्या. "तीन ओळी शिवण घाला, जाड दोऱ्याची. आणि दादा, मी तेव्हाच सांगितलं होतं असं काही मी म्हणत नाही."

"थँक्यू," पॅकर म्हणाला.

"म्हणत नाही हं मी," ती शटरच्या पलीकडून पुन्हा म्हणाली.

शिवणकाकूंना प्रायश्चित्ताची संधी हवीच होती. त्यांनी तीन ओळी घातल्या, मग सदसद्विवेकाच्या आणखी दोन घातल्या. बायकोने कड्या एका हातात आणि कापड दुसऱ्या हातात धरून बसचं स्टिअरिंग वळवायच्या ताकदीने ओढून पाहिलं. कापडाने दाद दिली नाही.

ढमीला पुन्हा घेतलं. कापड पाठीवर पंखासारखं उलगडलं, तशी खांद्यावरची कळ गेली. ढमी त्याच्या छातीवर जरा तिरकी, बेडकासारखे पाय करून बसली. तिचं डोकं एका बाजूला राहिलं आणि पॅकरला आयुष्यात पहिल्यांदा मुलगी आणि रस्ता दोन्ही एकदम दिसले. मान किंचित झुकवली तर ओठ टाळूवर टेकले. हे उंच माणसांना कसं जमत असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

पण सवय वाईट. त्याने टोक धरून आवळलं. ढमी किंचाळली. त्याने सैल केलं. ती वळली, एक हात बाहेर काढला, त्याच्या कॉलरला धरून थोडी वर सरकली आणि आपली आपण नीट बसली. मग रीतीप्रमाणे त्याने कान लावला आणि हलकेच हलवून पाहिलं.

आतून आवाज आला. "अग्गू," असा काहीसा.

गोदामाच्या नियमाने सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला हवं होतं. त्याने बांधलं नाही.

रविवारी सकाळी सासूबाईंनी दारातच शिट्टी फुंकली आणि परीक्षा सुरू झाली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, असा पॅकर जिना उतरला. मागून सूचना येत होत्या. "पाठ ताठ! गुडघे सैल! श्वास सोडा!" खालच्या मजल्यावर काकूंचं दार किलकिलं झालं आणि झटकन लागलं.

बाजारात ढमीचं लक्ष टोमॅटोंवर, सासूबाईंचं पॅकरवर. टोमॅटो निवडायला तो वाकणार, तशी त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. पण तो कमरेत वाकलाच नाही. एक हात ढमीच्या डोक्यामागे धरून गुडघ्यांत खाली बसला, सरळ आणि सावकाश. तसा टोमॅटोचा ढीग त्याच्यापासून लांब नव्हताच.

"हे कुणी शिकवलं?" सासूबाईंनी विचारलं.

"खोका असाच उचलतात."

सासूबाईंना यात काही खोट सापडेना, म्हणून ढमीचा चेहरा तपासायला त्या जवळ आल्या, वाकल्या, आणि गळ्यातली शिट्टी ढमीपुढे लोंबली. ढमीने ती धरली. दोरी गळ्यातून काढून देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शिट्टी तोंडात गेली आणि परीक्षकांचा आवाजच गेला. औषधाच्या दुकानापर्यंत त्या दोनदा हात छातीकडे नेऊन रिकामाच परत आणत्या झाल्या. परतीच्या वाटेवर ढमी शिट्टी मुठीत धरून झोपली.

जिना चढताना मागून सूचना येईनाशा झाल्या. नुसता श्वास येत होता, तोही तुटक. पॅकर थांबला. टॅक्सीतून आलेल्या त्या दिवशीचा दम परत काही आला नव्हता. त्याने भाजीची पिशवी कोपरात अडकवली आणि मोकळा हात मागे केला.

"आई, धरा."

"मी नाही धरत."

"ठीक आहे."

दोन पायऱ्यांनंतर त्यांनी तो धरला. वर बायकोने दार उघडलं तेव्हा तिला दिसलं ते असं: पुढे छातीवर झोपलेली मुलगी, मधे नवरा, आणि मागे त्याने ओढून आणलेली आई.

पाणी पिऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही चीज बरी दिसतेय. द्या इकडे. माझ्याकडेही लागेल कधी. बघू मला कशी बसते."

पॅकरने झोपलेली ढमी पलंगावर अलगद ठेवली आणि झोळी दिली. सासूबाईंनी ती खांद्यावरून घेतली. कड्या कशाबशा छातीशी आल्या आणि टोक संपलं. ओढायला काही उरलंच नाही. झोळी त्यांच्या काखेत आवळून बसली. तिच्यात फार तर एक पावाची लादी मावली असती.

"कमी पडतेय ही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कापड बोटांनी चोळून पाहिलं. "हा रंग मी बघितलाय."

बायको छताकडे बघू लागली.

"ही मी आणलेली?"

"हो," पॅकर म्हणाला.

"ती लांब होती."

"हो."

"कापलीत?"

"कापली."

"मी सगळ्यात लांब मागून घेतली होती, जावईबापू. कमी पडू नये म्हणून."

"तुम्हाला कमी पडतेय, आई. मला पुरते."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. अंगात झोळी तशीच अडकलेली, एक हात वर. पीटीच्या बाई अशा उभ्या राहिल्या की वर्गाला कळतं, आता शिक्षा तरी होणार किंवा सुट्टी तरी.

"म्हणजे ही आता तुमच्याशिवाय कुणाला होणारच नाही."

"नाही."

"माझ्या घरी नेऊन उपयोग नाही."

"नाही."

"रडली नाही ती," त्या जराशा तक्रारीनेच म्हणाल्या. "धडपडलात पण नाही." मग बायकोकडे वळून, "ए, काढ हे माझ्या अंगातून. उभी काय राहिलीस?"

दोघांनी मिळून त्यांना सोडवलं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि हात छातीकडे नेला. शिट्टी नव्हती. ती ढमीच्या मुठीत होती, आणि मूठ झोपेतही घट्ट होती.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सोमवारी घेईन."

"सोमवारी?" पॅकरने झोळी छातीशी धरली.

"येणार मी. न्यायला नाही. नुसती बसायला. जिना चढायचा सराव गेलाय माझा." जाता जाता त्यांची नजर खुर्चीवर गेली. तिथे टोपी घातलेला दुसरा पिठ्या एक डोळा वर करून त्यांच्याकडे संशयाने बघत होता. "आणि ह्याचं आता काय करणार?"

"काही नाही. न्या हवं तर."

त्यांनी पिठ्याला उचलला. जिना उतरू लागल्या. खालच्या मजल्यावर दार पुन्हा किलकिलं झालं. काकूंना टोपी दिसली आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"नेलंत शेवटी बाळाला?"

"ह्याला नेतेय," सासूबाई म्हणाल्या. "ती राहतेय वर, बापाकडे."

आणि त्या पुढची पायरी उतरल्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताचा पंजा पिठ्याच्या मानेखाली. पिठाची मान लटकत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरीसुद्धा.